दांड्याचा चेनसॉ: जुन्या, दाट आंबा बागेत किती उपयोगाचा?

झाडं बारा-पंधरा मीटर उंच गेलेली, शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत घुसलेल्या, फळ फक्त शेंड्यावर आणि तेही उतरवता येत नाही. अशा जुन्या आंबा बागेची छाटणी करायची म्हटलं की पेट्रोलवर चालणारा दांड्याचा चेनसॉ, म्हणजे पोल सॉ, घ्यावा का हा प्रश्न येतोच. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मॉडेलचं नाही. २५ ते ३६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सरकवून लांब होणारा दांडा आणि टोकाला १० किंवा १२ इंची बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी), अशा घडणीच्या सगळ्याच यंत्रांना ते लागू आहे.

निकाल आधीच सांगतो. जमिनीवर उभं राहून, पाच मीटर उंचीच्या आत, १५ सेंटीमीटरपर्यंत जाडीच्या फांद्या कापायला हे यंत्र फार चांगलं आहे. त्याहून जाड फांदीला ते लावू नये. आणि झाडावर चढून किंवा शिडीवर उभं राहून तर अजिबात चालवू नये.

आंब्याला मोहोर येतो तो पक्व झालेल्या काडीच्या टोकाला, आणि त्या काडीला ऊन मिळालेलं असावं लागतं. दहा बाय दहा मीटरवर लावलेली कलमंसुद्धा वीस-पंचवीस वर्षांत एकमेकांना भिडतात. मग आतल्या फांद्या सावलीत जातात, काड्या वाळतात, झाड उजेडाच्या मागे वर पळतं आणि फळ देणारा भाग घुमटाच्या वरच्या पातळ थरापुरता उरतो. म्हणून छाटणीचं पहिलं काम बाहेरून झाड गोल कातरणं हे नाही. मधोमध सरळ वर गेलेल्या एक-दोन फांद्या काढून झाडाच्या पोटात ऊन सोडणं हे आहे. दांड्याच्या चेनसॉची खरी कसोटी इथे लागते, कारण नेमकी याच जागी बुंध्याशी फांदी जाड असते आणि आजूबाजूला गर्दी असते.

आता पोहोच किती ते बघू. माहितीपत्रकात 'पाच मीटरपर्यंत' असं लिहिलेलं असतं. दांडा पूर्ण सरकवल्यावर यंत्राची एकूण लांबी ३.९ मीटर धरा. दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा उभा धरायचा नाही, हा नियम बहुतेक उत्पादकांनी दिलेला आहे. त्या कोनात ३.९ मीटर लांबी उभ्या मापात ३.४ मीटर भरते. हाताची उंची १.३ मीटर मिळवली की कापाची जागा जमिनीपासून सुमारे ४.७ मीटरवर येते. म्हणजे माहितीपत्रक खोटं बोलत नाही. पण याच हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही: तुम्ही कापाच्या जागेपासून आडव्या अंतरात दोन मीटरसुद्धा लांब नसता. चार मीटर लांब फांदी एकाच कापात सोडली तर तिचा शेंडा तुमच्या अंगावर येऊ शकतो. १५ सेंटीमीटर जाडीच्या ओल्या आंब्याच्या फांदीचं नुसतं मीटरभर लाकूडच १५ किलोच्या पुढे जातं, वर पानांचा भार वेगळा. म्हणून फांदी नेहमी टोकाकडून मीटर-दीड मीटरच्या तुकड्यांत उतरवत बुंध्याकडे यायचं. वेळ जातो. पण यंत्र कापायला इतकं वेगवान आहे की तो वेळ परवडतो.

लांब दांड्याच्या यंत्राचं वजन सात-आठ किलो असतं आणि ते सगळं पुढच्या हातावर येतं. खांद्याच्या पट्ट्याशिवाय हे यंत्र घेऊच नका. पट्टा एका खांद्याचा असेल तर तासाभरात मान भरते. दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा, कमरेला टेकू असलेला पट्टा वेगळा घ्यावा लागला तरी घ्या. हात थकला की काप वाकडा जातो आणि वाकडा काप झाडाला पुढची दहा वर्षं भोवतो.

काप कसा घ्यायचा यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या यंत्राचा सगळ्यात मोठा दोष इथेच आहे.

जाड फांदी कधीही वरून एका दमात कापायची नाही. पहिला काप खालून. बुंध्याशी फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर वळी दिसते. त्या वळीपासून ३० ते ४० सेंटीमीटर बाहेर, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत. दुसरा काप वरून, पहिल्या कापाच्या चार-पाच सेंटीमीटर बाहेर. फांदी स्वतःच्या वजनाने मोडते, पण खालच्या कापामुळे साल पुढे सोलत जात नाही. मग उरलेला खुंट हलका असतो. तिसरा काप त्या फुगीर वळीच्या लगेच बाहेर, वळीला धक्का न लावता. जखम भरून काढणारी साल त्या वळीतूनच वाढते. वळी कापली तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत खोडात उतरते.

जमिनीवर चालवायच्या साध्या चेनसॉने खालून काप घेणं सोपं आहे. दांड्याच्या चेनसॉने मात्र ते जड जातं. वरून कापताना साखळी फांदीला आत ओढते, यंत्राचं वजन मदतीला येतं आणि बाराजवळचा आकडा फांदीवर टेकवला की काप आपोआप होतो. खालून कापताना बाराची वरची बाजू वापरावी लागते. साखळी डोक्याला खाली आणि मागे ढकलते, सात-आठ किलो उचलून धरावे लागतात आणि भुसा सरळ तोंडावर येतो. त्यामुळे घाईत खालचा काप टाळला जातो आणि फांदी पडताना खोडाची हात-दोन हात लांब साल सोलून नेते. जुन्या बागेत छाटणीनंतर जी झाडं वाळतात, त्यातली कितीतरी अशा सोललेल्या सालीतून शिरलेल्या किडीने आणि बुरशीने जातात. यावर उपाय साधा आहे: खालचे सगळे काप आधी, हात ताजे असताना घ्या. किंवा खालच्या कापासाठी दांड्याला लावलेली हाताची वाकडी करवत ठेवा. ती पाच-सहा सेंटीमीटर खोल काप सहज देते आणि हाताला झटका देत नाही.

झटक्याचं कारणही समजून घ्या. बाराच्या टोकाचा वरचा चतकोर भाग दुसऱ्या फांदीला लागला की साखळी अडते आणि बार उसळतो. मोकळ्या झाडात हे क्वचित होतं. दाट आंब्यात मात्र टोकामागे नेहमीच काही ना काही काडी असते. म्हणून आधी बारीक काड्या काढून टोकाला जागा करायची, मगच जाड फांदीला हात घालायचा. १२ इंची बारापेक्षा १० इंची बार इथे जास्त उपयोगी पडतो, एवढ्याच कारणाने. टोक कुठे आहे ते डोळ्याला दिसतं.

बार कापात अडकणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. फांदी खाली बसते, काप मिटतो, बार चिमटला जातो. अशा वेळी दांडा पिळू नये. आतला फिरता दांडा आणि डोक्याजवळचा गिअर दोन्हींवर ताण येतो आणि नळी वाकली की सरकवायची सोय कायमची जाते. इंजिन बंद करा, आकड्याच्या बांबूने फांदीचं टोक उचलून धरा, काप उघडला की बार आपसूक सुटतो. आकड्याचा एक लांब बांबू या यंत्राच्या जोडीला हवाच.

शेंडा कमी करताना, म्हणजे फांदी मध्येच तोडताना, काप तिरका ठेवायचा, पाणी वाहून जाईल असा. शक्य असेल तिथे बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या उपफांदीच्या थोडं वर. आडवा, सपाट काप वर राहिला की पावसाचं पाणी त्यात मुरतं. दांड्याच्या चेनसॉने तिरका काप घेताना साखळी घसरून सालीवर चरे पडतात. सुरुवात पूर्ण वेगाने करा, साखळी फांदीला टेकण्याआधीच इंजिनाने वेग घेतलेला असावा. थांबलेली साखळी फांदीवर ठेवून मग अॅक्सिलरेटर दाबला तर ती उडी मारते.

बांडगूळ काढायला मात्र यासारखं हत्यार नाही. जुन्या बागेत बांडगुळाच्या गाठी तीन-चार मीटरवरच्या मध्यम फांद्यांवर असतात, तिथे चढणं त्रासाचं आणि कोयत्याने नुसतं बांडगूळ तोडलं तर ते गाठीतून पुन्हा फुटतं. गाठीच्या खाली, खोडाच्या बाजूला, साधारण फूटभर अंतर सोडून फांदीच काढायची. आणि हे काम बांडगुळाला फळं धरण्याआधी. या एका कामात पोल सॉला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ.

आता साखळी. आंब्याचं लाकूड फार कठीण नाही, पण जुन्या झाडाच्या सालीत धूळ-माती बसलेली असते आणि चीक साखळीवर वाळून चिकटतो. त्यामुळे साखळी लवकर बोथट होते. बोथट झाल्याची खूण डोळ्यांना दिसते: धारदार साखळी लाकडाचे लांबट तुकडे फेकते, बोथट साखळी पिठासारखा भुसा. पीठ दिसू लागलं की दाबून काम रेटायचं नाही, थांबून कानस मारायची. दाबलं की बार तापतो, तेल करपतं आणि कापाची कडा जळून काळी पडते. जळलेल्या कडेवर साल चढत नाही.

कानस कोणती, ते साखळीवर ठरतं. पोल सॉवर बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल (कमी उंचीची) किंवा पाव इंच पिचची, म्हणजे कड्यांमधल्या तेवढ्या अंतराची, साखळी येते. पहिलीला ४ मिलिमीटरची गोल कानस, दुसरीला ३.२ मिलिमीटरची. चुकीच्या मापाची कानस दात खालून किंवा वरून खाऊन टाकते. कोन ३० अंश, प्रत्येक दाताला सारखेच घाव, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप गोलाकार वळत जातो. लोक त्याला बार वाकला म्हणतात, पण बहुतेक वेळा बिघाड दातांत असतो. दातापुढची उंचवट्याची खूण, जी साखळी किती खोल चावणार ते ठरवते, ती दर चार-पाच धारांनंतर पट्टी लावून तपासा, ३/८ इंची साखळीत दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असावी. ती जास्त घासली तर साखळी फांदीत झटके देत घुसते आणि लांब दांड्यावर तो झटका दुप्पट जाणवतो.

साखळीचा ताण यंत्र थंड असतानाच बघा. बाराच्या खालच्या कडेला साखळी चिकटून बसलेली असावी, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. तापल्यावर ती सैल होते. तापलेली असताना आवळून ठेवली तर थंड झाल्यावर आकसून बारालाच आवळते. पेट्रोलची टाकी भरताना दर वेळी साखळीच्या तेलाचीही टाकी भरायची. तेल येतंय का ते पाहायला बाराचं टोक एखाद्या फिक्या ओंडक्यासमोर धरून वेग द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे. गाडीचं जळलेलं ऑइल या टाकीत घालू नका. त्यातले धातूचे कण पंप खातात, आणि ते तेल झाडाच्या ताज्या जखमेवर उडतं ते वेगळंच. बार रोज उलटा करून लावा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात, आणि त्याच्या खाचेतला चिकाचा थर पातळ पत्र्याने खरवडून काढा.

इंजिनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उत्पादकाचं टू-टी ऑइल असेल तर बहुतेकदा लिटर पेट्रोलला २० मिली, म्हणजे ५० ला १. साधं ऑइल किंवा जुनी घडण असेल तर ४० मिली, २५ ला १. पुस्तिकेत जे दिलं असेल तेच पाळा. मिश्रण महिनाभरापेक्षा जुनं वापरू नका, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर त्याहून लवकर संपवा. ते पाणी शोषतं आणि कार्बोरेटरच्या पातळ पडद्यांना खराब करतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. काही मॉडेलच्या डोक्याजवळच्या गिअरला ग्रीस भरायचा स्क्रू असतो. तो विसरला जातो आणि मग दुसऱ्या हंगामात गिअर रडू लागतो.

घेताना एक तपासणी न चुकता करा. इंजिन सुरू करून अॅक्सिलरेटर सोडा. साखळी पूर्ण थांबली पाहिजे. मंद वेगातही साखळी फिरत असेल तर ते यंत्र डोक्यावर धरण्यालायक नाही. मंद वेगाचा स्क्रू सैल करून किंवा क्लच तपासूनच पुढे जा. दुसरं, दांडा पूर्ण लांब करून त्याची पकड आवळा आणि टोकाला हात लावून पिळून बघा. पकड थोडीही घसरत असेल तर चीक आणि भुसा लागल्यावर ती आणखी घसरेल.

१५ सेंटीमीटरच्या पुढच्या फांद्यांना, म्हणजे मधल्या मुख्य फांदीच्या बुंध्याला, १६ ते १८ इंची बाराचा ४५-५० सीसीचा साधा चेनसॉ आणि दोराने बांधून फांदी उतरवणारा सराईत माणूस लागतो. तिथे पोल सॉ रेटला की बार अडकतो. वरचा भार आधी पोल सॉने तुकड्यातुकड्यांत उतरवून ठेवला, तर मात्र तो जाड बुंधा कापणाऱ्याचं काम निम्मं होतं. दोन्ही यंत्रांची ही जोडी खरी. झाडाच्या माथ्यावरच्या, पाच मीटरच्या पुढच्या फांद्या जमिनीवरून पोहोचतच नाहीत. त्या आधी, पोल सॉ न वापरता, चढून उतरवाव्या लागतात.

बॅटरीचा पोल सॉ हलका, धूर नाही, आवाज कमी, आणि दोरी ओढायची भानगड नाही. आठ-दहा सेंटीमीटरच्या फांद्यांना तो पुरतो. पण जुन्या बागेत पहिल्या वर्षीचं जड काम असताना बॅटऱ्या बदलत बसावं लागतं, आणि जाड ओल्या फांदीत तो मध्येच थांबतो. पुढच्या वर्षांच्या हलक्या कामाला मात्र तोच बरा. बाग छोटी असेल तर पहिल्यापासून बॅटरीचा घेऊन जाड काम भाड्याच्या यंत्रावर उरकणं शहाणपणाचं.

वेळेचं म्हणाल तर पाऊस सरल्यावर, नवी फूट यायच्या आधी. जिथे हिवाळा कडक असतो तिथे डिसेंबरच्या सुमाराला छाटलं की उन्हाळा लागताना सुप्त डोळे फुटतात. कोकणासारख्या दमट पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरुवात होते. भर पावसात छाटू नये, कारण उघड्या जखमेत पाणी आणि बुरशी दोन्ही शिरतात. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने जुन्या आंब्यांचं पुनरुज्जीवन म्हणून चार-पाच मीटरवर झाड छाटण्याची पद्धत रुजवली. पुढे अनुभव असा आला की एकाच वर्षी सगळं डोकं उतरवलं तर दोन-तीन वर्षं उत्पन्न जातं, उन्हाने खोड भाजतं आणि भिरूड, म्हणजे खोडकिडा, झाडंच्या झाडं घेऊन जातो. म्हणून आता टप्प्याने: पहिल्या वर्षी मधल्या उभ्या फांद्या, पुढच्या दोन वर्षांत बाकीच्या अर्ध्या-अर्ध्या. एका वर्षात एक तृतीयांशापेक्षा जास्त पसारा काढू नये. हे सांगायचं कारण यंत्राशी जोडलेलं आहे. कोयता आणि हातकरवतीने माणूस दमून थांबायचा. पोल सॉ हातात आला की दिवसाला झाडामागून झाड भुंडं होतं आणि संध्याकाळी लक्षात येतं की ठरवलं होतं त्याच्या दुप्पट उतरवलं. कापायच्या फांद्यांना आदल्या दिवशी, बाग शांतपणे फिरून, चुन्याचे पट्टे ओढून ठेवा. खूण नसलेल्या फांदीला यंत्र लावायचं नाही, हा नियम चालवणाऱ्याला स्पष्ट सांगा.

यंत्राची सर्वात मोठी उणीव काप झाल्यावर कळते. साडेचार मीटरवर जखम करून तुम्ही जमिनीवर उभे आहात. आता तिथे जखमेवर लावायची मोरचूद-चुन्याची निळी पेस्ट कोण लावणार? पोल सॉने छाटलेल्या बागांत खालच्या जखमा निळ्या आणि वरच्या कोऱ्या असं चित्र याचमुळे दिसतं. बांबूला चार इंची ब्रश आडवा बांधा, काटकोनात, म्हणजे कापाच्या तोंडावर तो सपाट टेकतो. पेस्टही त्याच दिवशी लागली पाहिजे. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्यात चुना, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात वेगळे विरघळवून मग एकत्र ओतायचे. लोखंडी भांडं चालत नाही. तयार मिश्रणात लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट ताजीच वापरायची, उद्यासाठी ठेवायची नाही. ऊन एकदम पडू लागलेल्या जाड फांद्यांच्या वरच्या बाजूला आणि खोडाला चुन्याचा पातळ लेप लावा, नाहीतर साल तडकते.

मग पुढचे महिने खोडाकडे लक्ष. सालीच्या भेगेतून लाकडाचा भुसा बाहेर येताना दिसला, झाडाखाली त्याची रास पडलेली दिसली, की आत भिरूड आहे. छिद्र मोकळं करून तारेने अळी ओढून मारा, शिफारस असलेल्या कीटकनाशकात भिजवलेला कापूस आत सारून चिखलाने तोंड बंद करा. छाटलेली लाकडं बागेतच रचून ठेवली तर किडीला घर मिळतं, ती लगेच बाहेर काढा. एका झाडावर रोगट, डिंक गळणारी फांदी कापली असेल तर पुढच्या झाडाकडे जाण्याआधी इंजिन बंद करून बार आणि साखळी स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर इंजिन सुरू करू नका.

कापाखालून जी फूट येते ती एका जागी झुडपासारखी पंचवीस-तीस फुटव्यांची येते. ती तशीच ठेवली तर तीन वर्षांत बाग पुन्हा तितकीच दाट. प्रत्येक फांदीवर आठ-दहा जोमदार, बाहेरच्या दिशेला जाणारे, अंतरावरचे फुटवे ठेवायचे आणि बाकीचे बुडातून काढायचे. याच कामात पोल सॉ पूर्णपणे नापास आहे. बोटाएवढ्या लवचीक फुटव्याला साखळी धरून ओढते, सोलते, शेजारचा ठेवायचा फुटवाही घेऊन जाते. हे काम दांड्याच्या हातकरवतीचं किंवा दोरीने ओढायच्या लांब कात्रीचं. कोवळ्या पालवीवर लक्ष ठेवा: पानं देठापासून थोडं अंतर सोडून कात्रीने कापल्यासारखी सरळ तुटून खाली पडलेली दिसली, तर तो पानं कापणारा भुंगा आहे. पडलेल्या पानांत त्याची अंडी असतात, ती गोळा करून नष्ट करा. नव्या फुटीवर पॅक्लोब्युट्राझोलची, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या औषधाची, घाई करू नये; घेर पुन्हा तयार झाल्यावर, घेराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने द्या, आणि हा व्यास छाटणीनंतरचा मोजा, आधीचा नाही.

डोक्याला हेल्मेट, तोंडावर जाळी, त्याआड चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. आंब्याचा चीक कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर इजा गंभीर असते. चालवणाऱ्याच्या भोवती १५ मीटरच्या आत दुसरं कोणी नको. विजेच्या तारेपासूनही तेवढंच अंतर, कारण धातूचा दांडा वीज वाहतो. यंत्र सुरू करण्याआधी झाडात मधमाश्यांचं पोळं आणि तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी बघून घ्या. आठ किलोचं चालू यंत्र डोक्यावर धरलेलं असताना मुंग्या अंगावर पडल्या तर हात सोडता येत नाही.

बाग शंभरेक झाडांच्या पुढे असेल आणि छाटणी तीन वर्षांच्या टप्प्याने करायची असेल तर हे यंत्र विकत घ्या, जोडीला दोन साखळ्या आणि योग्य मापाच्या दोन कानशी. त्याहून कमी झाडं असतील तर चालवणाऱ्यासकट भाड्याने घ्या. भाड्याचा करार झाडामागे करू नका, दिवसामागे करा. झाडामागे पैसे ठरले की खालचा काप आणि वरची पेस्ट या दोन्ही गोष्टी पहिल्या सुटतात. भाड्याचं यंत्र आलं की आधी साखळीच्या दातांवरून नख फिरवा. नख न खरवडता दात घसरला, तर तिथेच कानस मारायला सांगा, नाहीतर यंत्र परत पाठवा.